पांढरी विमानं, रेडक्रॉस आणि न जुळणाऱ्या याद्या: १९४० मधली जर्मन सागरी बचाव विमानं

प्लास्टिकवाला

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. ज्यांना युद्ध, विमानं वगैरेंचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पाककृती विभागात जावं, तिथे फणसाच्या भाजीवरून चांगलीच जुंपलीय.

इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे की मी १/७२ मापाची विमानं करतो. यंदा हाइंकेल ५९ घेतलंय. दोन इंजिनं, दोन मजली पंख, खाली दोन मोठे तरंगे, सांगाडा लाकडाचा आणि पोलादी नळ्यांचा, वरून कापड. १९३१ सालचं डिझाइन. १९४० पर्यंत लढाईच्या दृष्टीने हे धूड म्हातारं झालं होतं, म्हणून जर्मनांनी त्याला समुद्रात पडलेले वैमानिक उचलायच्या कामाला लावलं. हे दल म्हणजे झेनोटडिन्स्ट, १९३५ साली जर्मनीत कीलला सुरू झालेलं. विमानं पांढरीशुभ्र रंगवलेली, त्यावर रेडक्रॉस आणि मुलकी नोंदणीची काळी अक्षरं.

यातली दोन प्रकरणं सगळीकडे सापडतात. १ जुलै १९४० ला इंग्लंडच्या संडरलँडसमोर ब्रिटिश ७२ स्क्वॉड्रनच्या स्पिटफायर लढाऊ विमानांनी डी-एएसएएम अक्षरांचं विमान पाडलं. ९ जुलैला ५४ स्क्वॉड्रनने डी-एएसयूओ गुडविन सँड्स या समुद्रातल्या रेताडावर खाली उतरायला लावलं आणि ते ओढून डीलच्या किनाऱ्यावर आणलं. त्यापुढे मात्र सगळा गोंधळ. एका पुस्तकात जुलै ते ऑक्टोबरचा एक आकडा, दुसऱ्यात भलताच. तारखा एकेक दिवस इकडेतिकडे. एकच विमान दोनदा पडल्यासारखं दिसतं.

मला फक्त त्या चार महिन्यांची नीट यादी करायची आहे. कुठे बघू? आणि ‘पडलं’ कशाला म्हणायचं?

रिकामटेकडा०७

वाचनखूण साठवली. यातलं काही कळत नाही पण पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

शंकासूर

रेडक्रॉस असलेलं विमान पाडलं? हा सरळसरळ युद्धगुन्हा नाही का? इंग्रजांनी केलं की ‘शौर्य’, दुसऱ्याने केलं की न्यूरेंबर्ग.

कीलकर

प्लास्टिकवाले, मी इथे कीलमध्येच असतो, पण तुमचे कागद कीलमध्ये नाहीत. ते फ्रायबुर्गला आहेत, बुंडेसआर्काइव्हच्या लष्करी विभागात. लुफ्तवाफेच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या, क्वार्टरमास्टर जनरलचं (पुरवठा प्रमुखाचं) सहावं खातं रोजच्या रोज विमानांच्या नुकसानीचे तक्ते करायचं. सुटे भाग, नवी विमानं, नवी माणसं कुठे किती पाठवायची ते त्यावरून ठरायचं. म्हणजे ते प्रचारासाठी नव्हते, हिशेबासाठी होते. त्यामुळे विश्वास ठेवावा असे आहेत. त्यांच्या प्रती लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्येही आहेत.

प्रत्येक ओळीत तुकडीचं नाव, जागा, कारण, विमानाचा प्रकार, कारखान्याचा क्रमांक, नुकसानीचा टक्का, मग माणसांची नावं आणि कोण मेलं, जखमी झालं, बेपत्ता. जागेच्या रकान्यात बऱ्याचदा गावाचं नाव नसतं, नकाशातल्या चौकोनाचा क्रमांक असतो. तो नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय काही उलगडत नाही.

१९४३ अखेरपर्यंतचे तक्ते बऱ्यापैकी टिकलेत. १९४४ चे बरेचसे गेले. तुमचं १९४० आहे, नशीबवान आहात.

एक सूचना. यादी कारखान्याच्या क्रमांकावर करा, नोंदणीच्या अक्षरांवर करू नका. मुलकी अक्षरं पुढे काढून टाकली आणि लष्करी आली. एकाच विमानाची दोन नावं होतात आणि मग तुम्ही म्हणता तसं ते दोनदा पडतं. तुकड्यांचंही तेच. १९४० मध्ये ज्याला झेनोटफ्लुगकोमांडो म्हणायचे, त्याच्या पुढे झेनोटश्टाफेल झाल्या. पुस्तकवाले दोन्ही वेगवेगळे धरून मोकळे होतात.

प्लास्टिकवाला

दंडवत! हा क्रमांकाचा मुद्दा एकदम पटला.

अमृता_म

@शंकासूर, वाटतं तितकं सरळ नाही. १९२९ च्या जिनिव्हा कराराच्या १८ व्या कलमात वैद्यकीय विमानांना संरक्षण आहे, पण अटी आहेत. जखमी आणि आजाऱ्यांना हलवण्यासाठी आणि वैद्यकीय माणसं-सामान नेण्यासाठीच ते वापरलेलं हवं. शत्रूच्या हद्दीवरून किंवा लढाईच्या रेषेवरून खास परवानगीशिवाय उडायचं नाही. खाली उतर म्हटलं की उतरायचं.

आता बघा. हवाई छत्रीने पाण्यात पडलेला धडधाकट वैमानिक ‘जखमी’ म्हणायचा का? त्याला उचलून नेलं तर तो परवा पुन्हा बाँब टाकायला येणार. आणि इंग्लंड-फ्रान्समधलं इंग्लिश चॅनेल तर सगळीच लढाईची रेषा. करार लिहिला तेव्हा असं काही कोणाच्या डोक्यात नव्हतं. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा अर्थ काढता आला.

शंकासूर

म्हणजे बुडणाऱ्या माणसाला वाचवणाऱ्यावर गोळी झाडणं कायदेशीर. वा!

अमृता_म

मी ‘योग्य’ म्हटलेलं नाही, ‘कायदा धूसर होता’ म्हटलंय. फरक आहे.

जुनाट

शंकासूरराव, ९ जुलैचं प्रकरण पूर्ण सांगतो म्हणजे इंग्रज का बिथरले ते कळेल. ते पांढरं विमान एकटं नव्हतं, डझनभर मेसरश्मिट १०९ लढाऊ विमानं त्याच्या सोबतीला होती. ५४ स्क्वॉड्रनचं नेतृत्व न्यूझीलंडचा अल डिअर करत होता. त्याची आणि एका १०९ ची समोरासमोर धडक झाली, पंखा वाकला, आणि तो पठ्ठ्या तशा अवस्थेत इंजिन बंद पडलेलं विमान घेऊन मॅन्स्टनजवळ शेतात घुसला आणि जिवंत बाहेर आला. पांढरं विमान दुसऱ्यांनी रेताडावर उतरवलं, वॉल्मरच्या लाइफबोटीने ओढून आणलं. चार माणसं कैद.

विमानात वैमानिकाची नोंदवही मिळाली आणि तिच्यात ब्रिटिश जहाजांच्या ताफ्यांच्या जागा टिपलेल्या होत्या. झालं. १४ जुलैला ब्रिटिश हवाई मंत्रालयाने जाहीर केलं की अशा विमानांना अभय नाही, २० जुलैपासून अंमल.

शंकासूर

बरं, मग ती हेरगिरी झाली. पण सरसकट सगळीच विमानं हेर होती असं कुठे सिद्ध होतं? एका वहीवरून?

नाखवा

समुद्रावर असणाऱ्या माणसाने दिसलेली जहाजं टिपणं यात नवल काय? मी बंदरात नोकरी केली आहे, लहानशा टगवरसुद्धा वही असते. अमुक वाजता अमुक जहाज ओलांडलं, हे लिहिलं नाही तर मालक हजेरी घेतो. पांढऱ्या विमानाचा वैमानिक स्वतःची जागा ठरवायला हे लिहीत असेल. अर्थात परत गेल्यावर ती वही कोणी मागितली तर तो ‘नाही’ म्हणणार नव्हता, हेही खरं.

जुनाट

+१ नाखवा. दोन्ही खरं आहे. फायटर कमांडचा, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानदलाचा, प्रमुख डाउडिंग याने नंतर अहवालात जवळजवळ हेच लिहिलंय: ही विमानं लढवय्यांना परत लढायला नेत होती, शिवाय अभय मिळालं असतं तर टेहळणीही करू शकली असती. आणि एवढं सगळं कळवूनही पाडल्यावर त्यांच्या कर्मचाऱ्यांना आश्चर्य वाटायचं, वर तक्रारही असायची, असा खास इंग्रजी चिमटा काढलाय त्याने. हाच डाउडिंग त्याच अहवालात असंही म्हणतो की आपला वैमानिक छत्रीने आपल्याच हद्दीत उतरत असेल तर तो अजून लढवय्याच आहे, शत्रूने त्याला मारलं तर तत्त्वतः चूक नाही. माणूस स्वतःच्या विरोधातही तोच नियम लावत होता. हे मला आवडतं.

अमृता_म

अवांतर: छत्रीचा नियम आता बदललाय. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारात संकटातल्या विमानातून उडी मारणाऱ्यावर खाली येत असताना हल्ला करायचा नाही, असं स्पष्ट आहे. त्याच करारात वैद्यकीय विमानांनी विरुद्ध बाजूच्या पूर्वसंमतीशिवाय जखमी, बुडालेले शोधत फिरायचं नाही, असंही घातलंय. म्हणजे १९४० चा वाद कोणीतरी लक्षात ठेवून मसुदा लिहिला असावा, असा माझा अंदाज.

रिकामटेकडा०७

पॉपकॉर्न संपले. दुसरं पाकीट फोडतोय.

बॉम्बेहाय

मी ऑफशोअरला आहे, म्हणून मला या धाग्यातलं वेगळंच काहीतरी दिसतं. पाण्यात पडलेला माणूस वरून नारळाएवढा दिसतो. लाट असली तर तेवढाही नाही. आम्हाला प्रशिक्षणात हेच डोक्यात घालतात: पोहू नका, हातपाय जवळ घ्या, एकत्र राहा, दिसा.

‘दिसा’ यात जर्मन १९४० मध्ये फार पुढे होते. त्यांच्या वैमानिकाकडे फुगवायची रबरी होडी असायची आणि पाण्यात सोडायला हिरवा रंग. तो चकाकणारा डाग लांबून दिसायचा. इंग्रजांच्या लढाऊ वैमानिकाकडे तेव्हा फक्त जॅकेट. त्यांच्याकडे बचावाच्या वेगवान लाँच सगळ्या मिळून १८, आणि शोधायला वेगळी विमानं नाहीत. स्वतंत्र बचाव खातं झालं १९४१ च्या फेब्रुवारीत, बरेच शिकलेसवरलेले वैमानिक चॅनेलमध्ये गमावल्यावर. होडी, हिरवा रंग, विमानाने शोध, हे सगळं त्यांनी शत्रूचं बघून उचललं.

चॅनेलमध्ये जर्मनांनी नांगरून ठेवलेले तरंगते ठोकळेही होते, लुफ्तवाफेच्या उडेट या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून केलेले. आत झोपायला बाकं, कोरडे कपडे, खाणं, दिवा. पोहत पोहोचलात तर वाचलात. मात्र ज्याच्या बोटीने आधी गाठलं त्याचे कैदी!

सई

बॉम्बेहाय, तौक्ते वादळाच्या वेळी तुम्ही तिकडेच होतात का? बार्ज बुडाली ती बातमी आठवली.

बॉम्बेहाय

नाही ताई, मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो. पी-३०५ वरची माणसं रात्रभर पाण्यात होती आणि नौदलाने तशा समुद्रातून १८० च्या वर लोक जिवंत काढले. बाकी त्याबद्दल इथे नको.

रॉटरडॅमकर

धागा हाइंकेलचा आहे, पण बचाव विमानं म्हटली की डॉर्निअर २४ शिवाय गोष्ट अपुरी. तीन इंजिनांची उडती बोट. गंमत म्हणजे ती जर्मन हवाई दलासाठी केलेलीच नव्हती. डच नौदलाला ईस्ट इंडिजसाठी, म्हणजे आजच्या इंडोनेशियासाठी हवी होती. पहिलं उड्डाण १९३७. इथून जवळच पापेंद्रेख्तला आविओलांडाच्या कारखान्यात बांधायचे. मे १९४० मध्ये हॉलंड पडलं, कारखाना जर्मनांच्या हाती आला आणि तीच बोट झेनोटडिन्स्टचं मुख्य विमान झाली.

आणि तिकडे डचांची डॉर्निअर जावाहून बायकापोरं घेऊन ऑस्ट्रेलियात ब्रूमला पोहोचली. ३ मार्च १९४२ ला सकाळी जपानी झीरो लढाऊ विमानं हल्ल्याला आली. बोटी पाण्यावर नांगरलेल्या, काहींमध्ये माणसं अजून आतच. त्यांचे सांगाडे आजही मोठ्या ओहोटीला चिखलात उघडे पडतात, लोक चालत बघायला जातात.

नाखवा

आपल्या कोस्टगार्डची डॉर्निअर ती हीच का? दमणहून उठतात ती?

रॉटरडॅमकर

कंपनी तीच, विमान वेगळं. कोस्टगार्डचं डॉर्निअर २२८, जमिनीवर उतरणारं, कानपूरला एचएएल परवान्यावर बनवते. पाण्यावर उतरत नाही, पण समुद्रात शोध घ्यायचं काम तेच. म्हणजे घराण्याचा व्यवसाय चालू आहे म्हणायचा.

रिकामटेकडा०७

फ्रँको बुवांनी पण ही विमानं घेतली होती ना? कुठेतरी वाचलं.

रॉटरडॅमकर

हो. १९४४ मध्ये स्पेनला १२ मिळाली, मायोर्काच्या पोलेन्साला ठेवली. स्पेन तटस्थ, त्यामुळे दोन्ही बाजूंचे वैमानिक उचलायचे. जे चॅनेलमध्ये जमलं नाही ते तिकडे जमलं. युद्ध संपल्यावरही वीसेक वर्षं ती उडत होती.

जुनाट

मूळ प्रश्नावर येऊ का? प्लास्टिकवाले बिचारे वाट बघत असतील.

तुमच्या तारखा का हलतात त्याची दोन कारणं सांगतो. पहिलं, जर्मन तक्ता हा नोंद झाल्याच्या क्रमाने चालतो. विमान परत आलं नाही, दोन दिवस वाट बघितली, मग बेपत्ता दाखवलं, पुढे कधीतरी पुरवणी आली की माणसं कैदेत आहेत. ती पुरवणी न वाचता मूळ ओळ उचलली की चौघं मेलेले दिसतात, प्रत्यक्षात कॅनडातल्या छावणीत फुटबॉल खेळत असतात.

दुसरं, घड्याळ. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन घड्याळ ग्रीनिचच्या दोन तास पुढे होतं आणि ब्रिटिश एक तास. एकच झटापट एका कागदावर ७ ला, दुसऱ्यावर ८ ला. रात्री साडेअकराचं असेल तर तारीखच बदलते. १९४१ च्या मे पासून इंग्रजांनीही उन्हाळ्यात दोन तास केले, मग फरक गेला. हिवाळ्यात पुन्हा आला. लोक हे विसरतात आणि एका विमानाच्या दोन ओळी करतात.

टक्क्यांचंही समजून घ्या. १०० म्हणजे पूर्ण गेलं. ६० च्या वर म्हणजे दुरुस्तीत अर्थ नाही, सुटे भाग काढून घ्या. त्याच्या खाली म्हणजे पुन्हा उडेल. एखाद्या लेखकाने ६० च्या वरची सगळी धरली आणि दुसऱ्याने फक्त १००, तर दोघांचे आकडे वेगळे येणारच, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत.

कीलकर

जुनाट यांच्यात भर. ब्रिटिश बाजू लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हमध्ये. स्क्वॉड्रनच्या रोजनिश्या ‘एअर २७’ या कागदांच्या मालिकेत, वैमानिकांचे झटापटीचे अहवाल एअर ५० मध्ये. कैद्यांच्या जबान्या वेगळ्या, त्या एअर ४० मध्ये चाळा. जबानी सोन्यासारखी असते, कारण कैदी सांगतो की तळ कोणता, कोण कोण होतं, कशासाठी निघालो होतो. अर्थात तो सगळं खरंच सांगेल असं नाही.

आणि नावं बघताना एक लक्षात ठेवा. जर्मन सीप्लेनमध्ये नौदलाच्या परंपरेमुळे बऱ्याचदा निरीक्षक हा कमांडर असायचा, वैमानिक त्याच्या हाताखाली. इंग्रजी पुस्तकं पहिलं नाव ‘पायलट’ म्हणून छापतात. मग तोच माणूस दुसरीकडे निरीक्षक दिसतो आणि संशोधक चक्रावतो.

मेलेल्यांसाठी कासेलच्या युद्धकबर संस्थेची यादी बघा, नाव टाकून शोधता येतं. समुद्रात गेलेला माणूस कित्येकदा आठवड्यांनी भलत्याच किनाऱ्यावर लागतो, हॉलंडला, डेन्मार्कला. कबरीवरची तारीख ही कधीकधी प्रेत सापडल्याची तारीख असते. ती विमान पडल्याची समजू नका.

१९४५ मात्र पार अंधार. ५ मार्च १९४५ ला आजच्या पोलंडमधल्या काम्प तळ्यावरून निर्वासित मुलांनी भरलेलं डॉर्निअर २४ उडालं आणि लगेच कोसळलं. किती मुलं होती यावर आजही एकमत नाही, कारण तेव्हा तक्ते भरायला कोणी उरलंच नव्हतं.

सई

बापरे. हे माहीत नव्हतं.

नाखवा

माझा एक प्रश्न. सगळी गोळीनेच पडली असं धरून का चाललाय? लाकूड आणि कापडाचं विमान, उघड्या समुद्रात उतरायचं, चार-पाच भिजलेली माणसं आत ओढायची आणि मग लाटेवरून पुन्हा उठायचं. उतरताना एक तरंगा फुटला की खेळ खलास. त्या तरंग्यांत पेट्रोल होतं असं मी वाचलंय.

प्लास्टिकवाला

बरोबर वाचलंय, दोन्ही तरंग्यांत टाक्या आहेत. माझ्या किटमध्ये झाकणंसुद्धा कोरलेली आहेत.

नाखवा, तुमच्या या प्रतिसादाने माझा निम्मा गुंता सुटला. ज्या पुस्तकात आकडा मोठा आहे त्यात समुद्राने मोडलेली, ओढून नेताना बुडालेली, उठता न आल्याने सोडून दिलेली सगळी आहेत. लहान आकडा आहे तिथे फक्त इंग्रजांनी पाडलेली. शीर्षक दोन्हीकडे ‘नुकसान’च.

शंकासूर

माझा आक्षेप कायम आहे. पण एक विचारतो: २० जुलैनंतर जर्मनांनी काय केलं? पांढरी तशीच पाठवत राहिले?

जुनाट

काही काळ पांढरीही दिसली, पण हळूहळू रेडक्रॉस गेला, छद्मरंग आला आणि मशीनगनही. गन आली की करारातलं उरलंसुरलं संरक्षणही गेलं. शंकासूरराव, तुमच्या बाजूने एक मुद्दा देतो: डिसेंबर १९३९ मध्ये उत्तर समुद्रात हेल्गोलँडजवळ ब्रिटिश वेलिंग्टन बाँबफेकी विमानं पडली तेव्हा याच दलाच्या विमानांनी ब्रिटिश वैमानिकांनाही गारठलेल्या पाण्यातून काढलं होतं. पांढरा रंग नुसताच ढोंग होता असं म्हणवत नाही.

शंकासूर

धन्यवाद. आज जेवण जाईल.

अमृता_म

@प्लास्टिकवाला, मग यादीत रंगाचा रकाना ठेवा. कायद्याच्या दृष्टीने पांढरं पाडलेलं आणि हिरवं पाडलेलं या दोन वेगळ्या घटना आहेत. आणि २० जुलैच्या आधी की नंतर, तेही.

प्लास्टिकवाला

ठेवतो. असे रकाने ठरवलेत: कारखान्याचा क्रमांक, तारीख (दोन्ही घड्याळांनी), जागा, रंग, नुकसानीचा टक्का, कारण, माणसं. कारणात तीनच प्रकार: शत्रू, समुद्र, अज्ञात. क्रमांक फ्रायबुर्गचे कागद आल्यावर भरेन.

पहिली ओळ: १ जुलै, डी-एएसएएम, संडरलँडसमोर, पांढरं, शत्रू, माणसं कैद.
दुसरी ओळ: ९ जुलै, डी-एएसयूओ, गुडविन सँड्स, पांढरं, शत्रू, माणसं कैद.

नाखवा

दुसरी ओळ चुकली. ते पडलं नाही, उतरवलं आणि ओढून किनाऱ्याला लावलं. आमच्याकडे बुडालेलं जहाज आणि पकडलेलं जहाज एका रकान्यात टाकलं तर विमा कंपनी दारात उभं करत नाही. चौथा प्रकार करा, ‘ताब्यात’.

कीलकर

सहमत. आणि जर्मन तक्त्यात तेच विमान १०० टक्के दिसेल, कारण त्यांच्या दृष्टीने गेलं ते गेलं. तिथे तळटीप टाका.

प्लास्टिकवाला

केला चौथा प्रकार, टाकली तळटीप. आता तिसऱ्या ओळीसाठी २० जुलैची ब्रिटिश रोजनिशी वाचायला घेतोय. त्यात नुसतं ‘सीप्लेन’ लिहिलंय, हाइंकेल ५९ की ११५ ते लिहिलेलंच नाही.

जुनाट

पंखांचे मजले लिहिलेत का बघा. दोन असतील तर ५९, एकच असेल तर ११५. मजले नसतील तर त्या दिवशीच्या जर्मन तक्त्याकडे जा.